‘अ‍ॅक्सेस डिनाइड’: फाइल तुमची, मग कुलूप कुणाचं?



महिन्याची ११ तारीख. जीएसटीआर-१ भरायचा शेवटचा दिवस. सीएच्या ऑफिसातून दोनदा फोन येऊन गेलाय, ‘विक्रीची एक्सेल पाठवा लवकर.’ तुम्ही घरचा कॉम्प्युटर चालू करता, ‘बिलं’ नावाच्या फोल्डरवर डबल क्लिक करता आणि समोर चौकट येते: या फोल्डरमध्ये जायची तुम्हाला परवानगी नाही.

कॉम्प्युटर तुमचा, फोल्डर तुम्ही बनवलेला, बिलं तुमच्या धंद्याची. आणि परवानगी नाही म्हणे!

अशा वेळी माणूस घाबरून तीनपैकी एक काहीतरी करतो. एक, दिसेल त्या बटणावर क्लिक करत सुटतो. दोन, कुठल्यातरी व्हिडिओतली कमांड जशीच्या तशी उतरवून संपूर्ण सी ड्राइव्हवर चालवतो. तीन, कॉम्प्युटर उचलून रिपेअरवाल्याकडे नेतो आणि म्हणतो, ‘करा काय ते, फॉरमॅट मारा हवं तर.’ तिन्हीत नुकसान आपलंच. जीएसटीचं रिटर्न उशिरा गेलं तर साधारण दिवसाला ५० रुपये लेट फी, शून्य व्यवहाराचं असेल तर २० रुपये. ते पैसे भरून मोकळं होता येईल, पण गेलेला डेटा भरून येत नाही. शिवाय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची वह्या-कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या ठरलेल्या तारखेपासून ७२ महिने सांभाळायची जबाबदारी नोंदणीदाराची आहे. ‘फोल्डर उघडत नाही हो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

म्हणून आजचा विषय थोडा टेक्निकल वाटला तरी धंद्याचाच आहे. व्हिडिओत मी स्क्रीनवर करून दाखवलंय. इथे ते नीट लिहून ठेवतोय, म्हणजे गरज पडेल तेव्हा मोबाइलवर हे पान उघडून बाजूला ठेवता येईल.

फाइललाही सातबारा असतो

आपल्या डहाणू-तलासरीकडे सातबारा कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गाव नमुना सातवर भोगवटादाराचं नाव असतं आणि बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. जमीन कुणाच्या नावावर आहे हे एक, आणि तिच्यावर कुणाचा काय हक्क आहे हे दुसरं.

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलचं आणि फोल्डरचं अगदी असंच आहे. तिथे एक ‘ओनर’ असतो, म्हणजे मालक. आणि एक यादी असते: कोण फक्त वाचू शकतो, कोण लिहू शकतो, कोण डिलीट करू शकतो. या यादीला परमिशन म्हणायचं. फोल्डर उघडताना कॉम्प्युटर ही यादी बघतो. यादीत तुमचा हक्क नसेल तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, कॉम्प्युटरचं बिल कुणाच्या नावाचं आहे तेही माहीत नसतं. तो फक्त उतारा वाचतो.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा, ‘इनहेरिटन्स’, म्हणजे वारसा. मोठ्या फोल्डरला जे हक्क लावलेत तेच आतल्या फोल्डरांना आणि फाइलींना आपोआप लागतात. म्हणून शंभर फाइलींना शंभर वेळा परवानगी द्यावी लागत नाही. वरच्या एका फोल्डरला दिली की वारशाने खाली उतरते. पण मधेच कुणी हा वारसा तोडला असेल, तर बाहेरचा फोल्डर उघडतो आणि आतला उघडत नाही.

ही पद्धत आजची नाही. मायक्रोसॉफ्टने १९९३ मध्ये विंडोज एनटी आणलं, त्याच्यासोबत एनटीएफएस ही डिस्क मांडायची पद्धत आली. त्यात मालक आणि हक्क लिहायची सोय होती. पण घरोघरी तेव्हा विंडोज ९५ आणि ९८ होतं, त्यात असलं काही नव्हतं. कुणीही बसावं, काहीही उघडावं. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि हे कुलूप घरच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचलं. म्हणजे पंचवीस वर्षं ते आपल्या घरात आहे. आपली गाठ त्याच्याशी पडते ती मशीन बदलल्यावर किंवा विंडोज नव्याने टाकल्यावर.

आणि सध्या नेमकं तेच चाललंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. त्यामुळे अनेक जण नवीन मशीन घेतायत, नाहीतर जुन्यावर विंडोज ११ नव्याने टाकून घेतायत. जुनी हार्ड डिस्क काढून केबलने नव्या मशीनला लावायची आणि फोल्डर उघडायचा, की आलीच चौकट.

नाव तेच, मग नकार का?

‘पण जुन्या कॉम्प्युटरवर पण माझं अकाउंट “दुकान” होतं, नव्यावर पण “दुकान”च आहे!’ हा प्रश्न हमखास येतो.

विंडोज नावावर चालत नाही. प्रत्येक अकाउंटला ते आतून एक लांबलचक ओळख क्रमांक देतं, एस-१-५-२१ असा सुरू होणारा. गावात एकाच नावाची चार माणसं असली तरी आधार नंबर चौघांचा वेगळा, तसं. जुन्या मशीनवरच्या ‘दुकान’चा क्रमांक वेगळा, नव्यावरच्या ‘दुकान’चा वेगळा. जुन्या डिस्कवरच्या फाइलींच्या उताऱ्यावर जुना क्रमांक लिहिलेला आहे, आणि त्या क्रमांकाचं माणूस या मशीनवर नाहीच. म्हणून मालकाच्या जागी नाव न दिसता ‘अकाउंट अननोन’ किंवा तो लांब नंबर दिसतो. मालक परागंदा झालेली जमीन म्हणा ना!

इथे फेरफार करावा लागतो. तो कसा करायचा ते पुढे सांगतो. पण त्याआधी निदान. कारण दर वेळी रोग हाच असतो असं नाही.

आधी निदान: सहा प्रश्न

१) फाइल दुसरीकडे उघडी आहे का?
‘फाइल इन यूज’ किंवा ‘लॉक्ड फॉर एडिटिंग’ असं आलं तर परमिशनला हात लावू नका. एक्सेल मागे उघडं राहिलेलं असतं, टॅली चालू असतं, नाहीतर वनड्राइव्ह ती फाइल वर चढवत असतं. सगळं बंद करा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, पुन्हा बघा. लोक हा एक मिनिटाचा उपाय सोडून तासभर दुसरीकडेच शोधत बसतात.

२) फाइल व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेलवरून आली आहे का?
बाहेरून आलेल्या फाइलवर विंडोज एक शिक्का मारून ठेवतं. मग वर्ड-एक्सेल ती ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडतं आणि लिहू देत नाही. पाठवणारा ओळखीचा असेल, फाइल अपेक्षितच असेल, तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर टिक, ओके. अनोळखी माणसाकडून आली असेल तर तो शिक्का आपल्या भल्यासाठीच आहे, तो राहू द्या.

३) तुम्ही चुकीच्या जागी सेव्ह करताय का?
सी ड्राइव्हच्या अगदी तोंडाशी, ‘विंडोज’ फोल्डरमध्ये किंवा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये आपल्या फाइली ठेवायच्या नसतात. ती विंडोजची आणि सॉफ्टवेअरची जागा आहे. तिथे अडवणूक होणारच, आणि ती बरोबर आहे. फाइल डॉक्युमेंट्समध्ये किंवा डी ड्राइव्हवर सेव्ह करा.

४) एकच सॉफ्टवेअर अडतंय का?
फोल्डर तुम्हाला उघडतो, पण बिलिंगचं सॉफ्टवेअर म्हणतं ‘सेव्ह होत नाही’. अशा वेळी ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ बघा. खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून वाचवायला २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये ही सोय आली. ती आपोआप चालू नसते, पण कुणीतरी चालू केलेली असू शकते. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज रॅन्समवेअर प्रोटेक्शन. तिथे ‘अलाउ अ‍ॅन अ‍ॅप’मध्ये फक्त तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर जोडा. अख्खी सोय बंद करायची गरज नाही.

५) डिस्कच आजारी आहे का?
डिस्क टकटक आवाज करते, फोल्डर उघडायला पाच-पाच मिनिटं लागतात, ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं जातं. तर हा परमिशनचा प्रश्न नाही. फॉरमॅटला ‘हो’ म्हणू नका. जे उघडतंय ते आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या आणि डिस्कवर बाकी काही प्रयोग न करता जाणकाराला दाखवा.

६) फाइल एन्क्रिप्ट केलेली आहे का?
हे सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क लावल्यावर बिटलॉकर ४८ आकडी रिकव्हरी की मागत असेल, किंवा फाइलीच्या चित्रावर छोटं कुलूप दिसत असेल, तर मालक बदलून काहीही होणार नाही. परमिशन म्हणजे दारावरचा वॉचमन. एन्क्रिप्शन म्हणजे आतली वहीच सांकेतिक भाषेत लिहिलेली. वॉचमन बदलला म्हणून वही वाचता येत नाही. तिथे चावीच लागते. बिटलॉकरची चावी बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जमा असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून किंवा मोबाइलवरून त्या अकाउंटमध्ये लॉगिन करून बघा.

सहाही उत्तरं ‘नाही’ आली, म्हणजे डिस्क ठणठणीत आहे, फाइल बंद आहे, एन्क्रिप्शन नाही आणि तरीही फोल्डर उघडत नाही, तर मग समजा उताऱ्यावरचं नाव बदलायची वेळ आली.

फेरफार: मालक बदलायची पद्धत

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी. पहिली, तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटने लॉगिन केलेलं हवं. दुसरी, हे फक्त तुमच्या कामाच्या फोल्डरवर करायचं. अख्ख्या सी ड्राइव्हवर, विंडोज फोल्डरवर, प्रोग्रॅम फाइल्सवर अजिबात नाही.

सोपा उपाय आधी. जुन्या डिस्कवरचा फोल्डर उघडताना चौकटीत ‘कंटिन्यू’ असं बटण असेल तर ते दाबून बघा. ते दाबल्यावर विंडोज तुमचं नाव त्या फोल्डरच्या हक्काच्या यादीत कायमचं जोडतं. फोल्डर मोठा असेल तर वेळ लागतो, हिरवी पट्टी हळूहळू सरकते, मध्येच बंद करू नका. बऱ्याच वेळा काम इथेच होतं.

नाही झालं तर पुढच्या पायऱ्या:

१. अडलेल्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. वरच्या टॅबमधून ‘सिक्युरिटी’ निवडा, मग खाली ‘अ‍ॅडव्हान्स्ड’.

२. वर ‘ओनर’ अशी ओळ दिसेल. तिच्यासमोर ‘चेंज’ दाबा.

३. चौकटीत आपल्या अकाउंटचं नाव लिहा आणि ‘चेक नेम्स’ दाबा. नाव बरोबर असेल तर त्याच्याखाली रेघ येते. तुम्ही मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर तिथे ईमेल आयडी टाकून बघा. ओके.

४. आता ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ असा चौकोन दिसेल. त्यावर टिक करा, म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांचा आणि फाइलींचाही मालक बदलेल. ‘अप्लाय’ दाबा. मध्ये एखादा प्रश्न आला तर तो नीट वाचून पुढे जा.

५. सगळ्या खिडक्या ओके करून बंद करा आणि पुन्हा प्रॉपर्टीजपासून आत या. हे मुद्दाम सांगतोय, कारण नवीन मालक म्हणून तुमची नोंद झाल्यावर खिडकी नव्याने उघडली की मगच हक्काची यादी नीट दिसते.

६. पुन्हा सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. आता ‘अ‍ॅड’ दाबा, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’ दाबा, आपलं नाव लिहा, चेक नेम्स, ओके. ‘टाइप’मध्ये अलाउ, ‘अप्लाइज टू’मध्ये धिस फोल्डर, सबफोल्डर्स अँड फाइल्स. खाली ‘फुल कंट्रोल’वर टिक. ओके, अप्लाय.

७. आत अजूनही एखादा फोल्डर अडत असेल तर त्याचा वारसा तुटलेला आहे. त्याच फोल्डरच्या अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ‘एनेबल इनहेरिटन्स’ दाबा.

पाचवी आणि सहावी पायरी का, असं विचाराल. मालक झालो म्हणजे सगळं झालं ना? नाही. विंडोजमध्ये मालक होणं म्हणजे हक्काची यादी बदलायचा अधिकार मिळणं. त्या यादीत स्वतःचं नाव घालायचं काम वेगळं करावं लागतं. सातबाऱ्यावर नाव चढलं तरी शेत नांगरायला आपल्यालाच उतरावं लागतं.

काम झालं की नाही हे तपासायला अ‍ॅडव्हान्स्डमध्येच ‘इफेक्टिव्ह अ‍ॅक्सेस’ नावाचा टॅब आहे. तिथे नाव टाकलं की त्या माणसाला नेमकं काय काय करता येतं हे हिरव्या-लाल खुणांनी दिसतं.

हेच काम ‘टेकओन’ आणि ‘आयकॅक्ल्स’ या दोन कमांडनेही होतं. हजारो फाइली असतील तर त्या उपयोगी आहेत. पण फोल्डरचा पत्ता लिहिताना एक अक्षर चुकलं तर भलत्याच फोल्डरचे हक्क बदलतात. म्हणून नवशिक्यांनी आधी वरची क्लिकची पद्धतच वापरावी.

‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’ नको

कंटाळून लोक एक शॉर्टकट मारतात. यादीत ‘एव्हरीवन’ जोडायचं आणि फुल कंट्रोल द्यायचं. चौकट जाते, काम होतं, सगळे खूश.

पण बघा, आपला घरचा कॉम्प्युटर म्हणजे धर्मशाळा असते. सकाळी मुलगी त्यावर अभ्यास करते, दुपारी तुम्ही बिलं बनवता, रात्री भाचा गेम खेळतो. एव्हरीवनला फुल कंट्रोल म्हणजे भाच्याने चुकून डिलीट दाबलं तर तुमच्या ग्राहकांची यादी गेली. त्यातून त्याने एखादा चोरीचा गेम डाउनलोड केला आणि सोबत व्हायरस आला, तर तो व्हायरस भाच्याच्या अकाउंटला जेवढे हक्क आहेत तेवढं सगळं बिघडवू शकतो. भाच्याला तुमच्या फोल्डरमध्ये लिहायचा हक्कच नसेल तर त्याच्या अकाउंटमधून साधा व्हायरसही तिथे लिहू शकत नाही. जी चौकट बघून आपल्याला राग येतो, तीच इथे आपल्याला वाचवते.

‘डिनाय’ पण जपून. एकाच फोल्डरवर अलाउ आणि डिनाय दोन्ही लावले तर डिनाय वरचढ ठरतो. काही जण भाच्याला रोखायला ‘एव्हरीवन’ला डिनाय लावतात. एव्हरीवनमध्ये आपणही आलो की! मग घरमालकच बाहेर. कुणाला रोखायचं असेल तर त्याचं नाव यादीतून काढा, पुरेसं आहे.

मालक नक्की कोण?

आता जरा वेगळं बोलतो. आमच्या मसोलीतल्या बॅचला एक ताई येत होत्या. चिकूचे चिप्स आणि पावडर घरीच करून विकतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरचं गिऱ्हाईक नाव घेऊन विचारतं. ताईंचं कामही चांगलं वाढलेलं. पाकिटावरच्या लेबलचं डिझाईन, रेट लिस्ट, दोन वर्षांच्या ऑर्डरी, सगळं घरच्या कॉम्प्युटरवर. पण कॉम्प्युटर सेट केला होता मुलाने. अ‍ॅडमिन अकाउंट त्याचं, आणि आईची कामंही तो स्वतःच्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. आईसाठी एक साधं अकाउंट काढून दिलं होतं. मुलगा नोकरीला बाहेरगावी गेला. दिवाळीच्या तोंडावर ताईंना लेबल हवं होतं आणि फोल्डर म्हणतो परवानगी नाही. वरच्या सात पायऱ्याही त्यांना करता येईनात, कारण प्रत्येक वेळी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जायचा.

मुलाने फोनवर पासवर्ड सांगितला, अर्ध्या तासात काम झालं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण विचार करा, मुलाचा फोन लागला नसता तर? किंवा तिथे मुलाऐवजी भागीदार असता, आणि त्याच्याशी बिनसलेलं असतं तर?

उद्यम प्रमाणपत्रावर तुमचं नाव आहे, बँकेचं खातं तुमच्या नावावर आहे, राबताय तुम्ही. मग ज्या कॉम्प्युटरवर धंदा उभा आहे त्याचं अ‍ॅडमिन अकाउंटही तुमच्याच हातात पाहिजे. ‘मला त्यातलं कळत नाही, पोरगाच बघतो’ हे वाक्य आमच्या बायका कौतुकाने म्हणतात. पोरगा बघू दे, शिकवू दे, मदत करू दे. पण किल्ल्यांचा जुडगा मालकिणीच्या कमरेला असावा.

ताईंनी त्या दिवशी तीन गोष्टी केल्या. स्वतःच्या अकाउंटला अ‍ॅडमिन केलं. डी ड्राइव्हवर धंद्याचा वेगळा फोल्डर काढून सगळं त्यात आणलं. आणि पासवर्ड एका वहीत लिहून ती वही कपाटात ठेवली. तुम्हीही हे तिन्ही करू शकता, आजच.

पेन ड्राइव्हबद्दल एक गंमत आणि एक धोका

एनटीएफएस डिस्कवर मालक आणि हक्क लिहिलेले असतात हे आपण पाहिलं. पण बाजारात मिळणारे बहुतेक पेन ड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात, आणि त्यात हक्क लिहायची जागाच नसते.

गंमत अशी की जुना कॉम्प्युटर अजून चालू होत असेल तर एवढं सगळं करायची गरजच नाही. त्यावर नेहमीसारखं लॉगिन करा, फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि नव्या मशीनवर उतरवा. हक्क वाटेतच गळून पडतात. नवीन मशीनवर फाइल ज्या फोल्डरात उतरेल त्याचे हक्क तिला लागतात. एफएटी-३२ च्या पेन ड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसत नाही, एवढं लक्षात ठेवा.

धोकाही त्यातच आहे. पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती लागला त्याला सगळं उघडं. ग्राहकांचे नंबर, उधारीची यादी, आधार-पॅनच्या कॉप्या. म्हणून बॅकअपचा पेन ड्राइव्ह काउंटरवर लोळू देऊ नका. तो गल्ल्याइतकाच जपायचा.

अजून एक बारकावा. त्याच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात कट-पेस्ट केली तर ती बहुधा आपले जुने हक्क सोबत घेऊन जाते. कॉपी-पेस्ट केली तर नव्या फोल्डरचे हक्क घेते. भाचा वापरतो त्या फोल्डरातून काही आपल्याकडे आणायचं असेल तर कॉपी करा, नीट उघडतंय बघा, आणि मग जुनं डिलीट करा.

घरच्या धंद्यासाठी साधी मांडणी

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून एक रविवार काढा आणि एवढं करून ठेवा:

– कॉम्प्युटरवर किमान दोन अकाउंट. धंदा ज्याचा त्याचं अ‍ॅडमिन. घरातल्या बाकीच्यांचं ‘स्टँडर्ड’. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युजर्स, तिथे हे होतं.

– धंद्याचं सगळं एकाच फोल्डरात. आत बिलं, खरेदी, जीएसटी, लेबल-डिझाईन, नोंदणीची कागदपत्रं असे कप्पे. डेस्कटॉपवर पसारा नको. टॅली वापरत असाल तर कंपनी निवडताना डेटाचा पत्ता दिसतो, तो लिहून ठेवा आणि त्याचाही बॅकअप घ्या.

– बॅकअपच्या तीन प्रती: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे ऑनलाइन किंवा नातेवाइकाकडे ठेवलेल्या डिस्कवर. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक तरी फाइल उघडून बघा. न उघडणारा बॅकअप आणि नसलेला बॅकअप, दोन्ही सारखेच.

– बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. चालू असेल तर रिकव्हरी की छापून घ्या आणि दुकानाच्या लायसन्सच्या फायलीत लावा.

– रिटर्नच्या तारखेच्या तोंडावर विंडोज बदलणं, डिस्क बदलणं असले उद्योग करू नका. ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस मशीनला हात लावायचा नाही. महिन्याच्या शेवटी निवांत करा.

रिपेअरवाल्याला काय सांगायचं?

सगळं स्वतःच करायला हवं असं नाही. जमत नसेल तर माणूस बोलवा. पण ‘करा काय ते’ म्हणू नका. हे चार प्रश्न आधी विचारा. माझा डेटा आधी कुठे कॉपी करून घेणार? फॉरमॅट करणार असाल तर मला विचारल्याशिवाय नाही, चालेल ना? काम झाल्यावर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मला देणार ना? आणि माझ्या डेटाची तुमच्याकडची कॉपी माझ्यासमोर डिलीट करणार ना?

चांगला माणूस या प्रश्नांना कधीच रागावत नाही. उलट, गिऱ्हाईक शहाणं आहे म्हणून जपून काम करतो. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर मशीन उचला आणि दुसरीकडे जा.

आणि मशीन त्याच्या हाती द्यायच्या आधी, फोल्डरवर राइट क्लिक करून ओनरच्या ओळीत कुणाचं नाव आहे ते एकदा स्वतः बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आज रात्री दुकान बंद केल्यावर बघा. तिथे तुमचंच नाव असेल तर निवांत झोपा. नसेल तर फेरफाराला बसा, पुढची ११ तारीख यायच्या आत.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढू दे!